माठाशेजारची जागा

"मॅडम, तुमच्या डब्या खोटं बोलून राहिल्या," वेणूताई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉपखालचा टॉवेल पुन्हा ओला करून दिला.

तो टॉवेल नसता तर लॅपटॉपनं केव्हाच मान टाकली असती. जूनचा पहिला सोमवार, दुपारचा एक. लालभट्टी वस्तीतल्या अंगणवाडीत मी सतरंजीवर बसले होते आणि डोक्यावरचा पत्रा तापून मधूनच कडकड वाजत होता. बाहेर पंचेचाळीस अंश. आणि समोरचा पडदा मला सांगत होता की या वस्तीतल्या चाळीस घरांत गेले पन्नास दिवस भर दुपारी सरासरी साडेछत्तीस अंश तापमान होतं. साडेछत्तीस म्हणजे आमच्या पुण्यातला एखादा बरा एप्रिल.

"यंत्रं कशी खोटं बोलतील, वेणूताई?"

"मग आपल्याला घाम काय खोटा येऊन राहिला?"

घाम तर कीबोर्डवर पडत होता.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. वऱ्हाडातलं एक मोठं शहर, नाव सांगत नाही, कारण यातली बरीच मंडळी अजून नोकरीत आहेत. मी पुण्यातल्या एका शहर-अभ्यास संस्थेत नवीन होते, वय अठ्ठावीस, आणि आकडे समोर ठेवले की माणसं ऐकतात असा माझा ठाम समज होता. त्या शहराच्या महापालिकेनं उन्हाळ्यासाठी एक योजना काढली होती. पत्र्याच्या घरांवर दुहेरी छप्पर बसवून द्यायचं, मध्ये हवा खेळेल असं, वरून पांढरा रंग. पण त्या वर्षी एकाच वस्तीला. आम्ही लालभट्टी सुचवली. अधिकारी म्हणाले, मोजून दाखवा. घरातलं दुपारचं तापमान सरासरी चाळीसच्या वर निघालं तर छपरं तुम्हाला, नाहीतर विषय पुढच्या वर्षावर. बैठक त्याच शुक्रवारी होती.

मोजायची यंत्रं म्हणजे काडेपेटीहून जरा मोठ्या पांढऱ्या डब्या. दर पंधरा मिनिटांनी त्या घरातलं तापमान टिपायच्या आणि ती सगळी नोंद शेवटी गल्लीत उभं राहूनसुद्धा लॅपटॉपवर उतरवता यायची. एप्रिलच्या मध्यावर मी स्वतः चाळीस घरांत खिळे ठोकले, भिंतीवर, डोक्याच्या उंचीला. बायकांना अंगणवाडीत जमवून भाषण केलं. डबी चुलीपासून लांब ठेवायची, माणसापासूनही दोन हात लांब, कारण अंगाच्या उष्णतेनं आकडा बिघडतो. आणि शेवटी, आपण फार मनमिळाऊ आहोत असं वाटून, मी म्हणाले, "हिला लेकरासारखं जपा."

वेणू गवई तिथल्या अंगणवाडी सेविका. वस्तीत कुणाच्या घरी काय शिजलं हे त्यांना वासावरून कळायचं. त्यांच्याशिवाय माझं पान हलत नव्हतं. आणि पहिल्या दिवसापासून मला धरून असलेल्या दुसऱ्या बाई म्हणजे कौतिकाबाई अंभोरे. साठीच्या आसपासच्या, काटक, आणि बोलायला लागल्या की समोरच्यानं ऐकूनच घ्यायचं. त्यांचे यजमान तुळशीरामकाका जिनिंगमध्ये हमाल होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दुपारी अख्खी वस्ती नाल्याकाठच्या निंबाखाली जाऊन बसायची. काकांना तिथवर उचलून नेणं एकट्या बाईच्या हातचं नव्हतं. आदल्या मे महिन्यात त्यांना ऊन लागलं, सरकारी दवाखान्यात चार दिवस काढले, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुन्हा असं झालं तर इथवर आणायलाही वेळ राहणार नाही.

"मॅडमबाई, बाकी मले काई नोको," कौतिकाबाई पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. "थे छप्पर बदललं का बुढा जगते."

त्या वाक्यावर मी मनातल्या मनात त्यांना शब्द देऊन टाकला होता. आणि आता पडद्यावर साडेछत्तीस.

मी पुण्याला सरांना फोन लावला. आमचे सर शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघ, एक तर डब्या नादुरुस्त आहेत, नाहीतर घरं आपल्याला वाटतात तेवढी तापत नाहीत. दोन्हीपैकी जे असेल ते शुक्रवारी उभं राहून सांगायचं. आपल्याला जे हवंय ते डेटानं बोलायलाच पाहिजे असं नाही."

फोन ठेवून मी एकेका घराचा आलेख उघडत बसले. आणि तेव्हा ते दिसलं. पहिले दोन दिवस रेघ त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढलेली. तिसऱ्या दिवशी एकदम खाली. मग सगळे दिवस छत्तीसच्या आतबाहेर, आणि मध्येच तीन ठिकाणी रेघ पुन्हा उडी मारून चव्वेचाळीसला. तीन मंगळवार. जवळजवळ प्रत्येक घरात तेच तीन मंगळवार. मी डायरी काढली. त्या तीन मंगळवारी डब्या नीट चालू आहेत का, त्यांचा दिवा लुकलुकतोय का, हे पाहायला मी घरोघर फिरले होते.

म्हणजे मी आले की वस्ती तापायची आणि मी गेले की गार व्हायची.

मी वेणूताईंकडे पाहिलं. त्या मुलांच्या चटयांच्या घड्या घालत होत्या. त्या चटयांच्या घड्या आधीच घातलेल्या होत्या.

"वेणूताई, मी येणार असले की तुम्ही वस्तीत सांगता?"

"सांगते ना. बाया घरी नको का असायला?"

"आणि मग त्या काय करतात?"

"काय करणार? घर झाडून घेतात. डब्या जागेवर लावतात."

"जागेवर म्हणजे? एरवी कुठं असतात डब्या?"

वेणूताईंनी हातातली चटई खाली ठेवली. "आज तुम्ही सोमवारीच आल्या, न सांगता," त्या जरा नाराजीनं म्हणाल्या. "चला, तुम्हीच पाहून घ्या."

त्या दुपारी मी जे पाहिलं ते आठवून मला आजही हसू येतं, पण तेव्हा हसायची सोय नव्हती. पहिल्या घरात डबी ज्वारीच्या कोठीत, दाण्यांत खुपसलेली. दुसऱ्या घरात पलंगाखाली, ओल्या फडक्यात गुंडाळून. एका घरात देव्हाऱ्यात, देवांच्याही मागे, कारण तिथं भिंतीला पलीकडून मोरीची ओल होती. एके ठिकाणी तर डबीला रोज सकाळी निंबाखाली नेऊन संध्याकाळी परत आणत होते.

"अहो, पण का?" मी त्या घरातल्या बाईंना विचारलं.

"तुमीच त म्हनलं, लेकरावानी जपा," त्या म्हणाल्या. "लेकरू पत्र्याखाली टांगते का कोनी?"

मग एकेक उलगडत गेलं. मोजणी सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी एका घरातली डबी बंद पडली होती. बॅटरी खराब निघाली, एवढंच. पण मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "ज्या घरातली डबी बंद पडेल ते घर मोजणीतून गेलं समजा." मी तांत्रिक बाब सांगितली होती. बायकांनी ऐकलं ते असं की उन्हानं डबी मरते, आणि डबी मेली की छप्पर गेलं. त्याच संध्याकाळी चाळीस घरांतल्या डब्या खिळ्यांवरून उतरल्या आणि घरातली जी सगळ्यात गार जागा असेल तिथं जाऊन बसल्या. मी येणार कळलं की पुन्हा खिळ्यावर. मॅडमनं लावलेली जागा, मॅडमला तिथंच दिसली पाहिजे. यात लबाडी कुठंच नव्हती. पाहुणा यायचा म्हटल्यावर आपण नाही का चादर नीट करत, तेवढंच.

कौतिकाबाईंकडे पोचेपर्यंत तीन वाजले होते. एका खोलीचं घर. मधोमध खाटेवर तुळशीरामकाका उताणे, छातीवर ओला पंचा, डोळे मिटलेले. कोपऱ्यात मातीच्या ओट्यावर दोन माठ, त्यांच्या शेजारी वरून लोंबणारं ओलं पोतं, त्यातून थेंब गळत होते, आणि त्या पोत्याच्या आतल्या बाजूला, पोत्याला न टेकता, दोरीनं टांगलेली माझी डबी. खाली ओली वाळू पसरलेली. मी हात पुढे केला तर खरोखर गार वाटलं. त्या घरात एवढा गारवा असू शकतो यावर माझा विश्वास बसेना.

"पाहा, कशी ठिवली," कौतिकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "दिवसातून चारदा पानी मारते. एकदा बी बंद पडली नाई."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आधी त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग नुसतं रडू यायला लागलं. त्यांनी माठातलं पाणी दिलं. काय झालं ते मी सांगितलं. डबीला गार ठेवायचं नव्हतं, तुम्ही किती तापता ते तिनं सांगायचं होतं. आता ती सांगतेय की तुमच्या घरात तेवढं ऊन नाहीच.

त्यांनी माझ्या हातातलं रिकामं भांडं काढून घेतलं.

"म्हनजे माह्यामुळं छप्पर गेलं?"

"नाही हो, मावशी. चूक माझी आहे."

"चूक कोनाची का असेना. छप्पर गेलं का, थे सांगा."

"माहीत नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

अंगणवाडीत परत आले आणि मी एक गोष्ट केली जी बारा वर्षांत कुणाला सांगितलेली नाही. प्रत्येक घराच्या त्या गार दिवसांच्या आकड्यात मी साडेसात अंश मिळवले. फरक तेवढाच पडत होता. ते मी पहिल्या दोन दिवसांवरून काढलं होतं. चार मिनिटांचं काम. सरासरी त्रेचाळीस. आलेख इतका सुंदर दिसायला लागला की मी त्याच्याकडे पाहतच राहिले. यात खोटं काय, मी स्वतःला विचारत होते. घरं त्रेचाळीसनं तापतातच ना?

वेणूताई मागे उभ्या होत्या. "हे कसं वाढलं?"

"दुरुस्ती केली."

त्या माझ्या शेजारी बसल्या. "मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या, मी काय सांगू. पण आमच्याकडे एकदा वजनकाटा बिघडला होता. कमी दाखवायचा. वरच्या बाई म्हणाल्या, सगळ्या लेकरांचं एकेक किलो वाढवून लिही. मलाही वाटलं, काटा कमी दाखवते त बरोबरच आहे. लिहिलं. यादीत एक बी कमी वजनाचं लेकरू उरलं नाही. मग त्यांचा जादाचा आहार बंद झाला. पुढं काटा दुरुस्त झाला, त कळलं, तो एक किलो नाही, अर्धा किलोच कमी दाखवत होता. पण आता लिहिलेलं मागं कसं घ्यायचं? माझीच सही होती."

"मग?"

"मग काय. सहा महिने घरून भाकऱ्या नेल्या मी त्या लेकरांसाठी."

मी ती फाइल पुसून टाकली. मोठ्या मनानं वगैरे नाही, घाबरून. शुक्रवारी कुणी विचारलं असतं की हे साडेसात आले कुठून, तर माझी तत-पप झाली असती आणि छप्पर कायमचं गेलं असतं.

मग राहिलं काय? पाच दिवसांचे खरे आकडे, म्हणजे सुरुवातीचे दोन दिवस आणि ते तीन मंगळवार. आणि उरलेल्या पंचेचाळीस दिवसांचे, प्रत्येक घरातल्या सगळ्यात गार जागेचे. मंगळवार, बुधवार मी आणि वेणूताई घरोघर फिरलो आणि कुठल्या घरात डबी कुठं होती ते लिहून काढलं. कोठी, पलंगाखाली, देव्हारा, माठाजवळ. मी अगदी टेपनं अंतरं मोजली. गुरुवारी कौतिकाबाईंनी सांगून टाकलं की त्या बैठकीला येणार. "माह्या घरचं हाय. मी सांगन."

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही तिघी महापालिकेच्या सभागृहात बसलो. आत एसी एवढा वाढवलेला की कौतिकाबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला. टेबलाच्या त्या बाजूला अतिरिक्त आयुक्त, पन्नाशीचे, सर्दी झालेले, सारखा रुमाल नाकाला. त्यांच्या शेजारी एक अभियंता, माझा अहवाल रंगीत पेननं अधोरेखित करून आणलेला. माणूस वाईट नव्हता. योजनेचा हिशेब त्याला द्यायचा होता, त्यामुळं तो चोख विचारत होता.

मी सगळं सांगितलं. डब्या हलवल्या गेल्या, त्याला माझ्या सूचना कारण आहेत, खरे आकडे पाचच दिवसांचे आहेत, हेही सांगितलं.

"म्हणजे मोजणी फसली असं तुम्हीच म्हणता," अभियंता म्हणाला.

"पाच दिवस फसलेली नाही."

"पन्नासातले पाच, मॅडम. बरं, तेही सोडा." त्यानं अहवालाचं पान उलटलं. "तुम्ही म्हणता बाकीचे आकडे घरातल्या सगळ्यात गार जागेचे आहेत. छत्तीस अंश. याचा अर्थ असा की प्रत्येक घरात छत्तीस अंशांची एक जागा आहे. दुपारचे तीन-चार तासच तर काढायचे असतात. लोकांनी तिथं बसावं."

आकड्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्याचं म्हणणं बिनतोड होतं. मी कागद चाळायला लागले, आणि माझ्या बाजूची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कौतिकाबाई उभ्या राहिल्या होत्या.

"साहेब, माह्या घरी हाय तशी जागा. खोटं नाई बोलत. माठापाशी."

"मग झालं तर," अभियंता जरा सौम्य होऊन म्हणाला. "तिथं बसत जा ना दुपारी."

"कशी बसू? तथी डबी होती."

दोन-चार जण हसले. अभियंताही हसला. "अहो आजी, डबी केवढीशी. तिच्याखाली माणूस मावत नाही का?"

"मावते ना. पन मॅडमबाईनं सांगतलं होतं, डबी मानसापासून दोन हात लांब पाह्यजे. अंगाची गरमी लागते थिले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चहाडी करतोय असं वाटल्यासारखं पाहिलं. "आन् जागा त एका खाटेयेवढीच हाय."

अतिरिक्त आयुक्तांनी रुमाल खाली घेतला. "डबीच्या आधी काय होतं त्या जागेवर?"

"बुढ्याची खाट होती जी."

"बुढा म्हणजे तुमचे यजमान?"

"होय जी. अर्धं अंग गेलं त्याचं. उठता येत नाई."

"मग आता खाट कुठं आहे?"

"मधात. पत्र्याखाली."

"कधीपासून?"

"आखजीच्या पयलेपासून."

आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया; तिच्याही आधीपासून, म्हणजे दीड महिना. मी समोरच्या कागदांत हात घातला आणि त्या घराचा नकाशा काढला. मार्चमध्ये मीच काढला होता, प्रत्येक घराचा काढला होता, छान पट्टीनं रेघा मारून. कोपऱ्यात दोन गोल, माठ. त्यांच्या शेजारी पोत्याची रेघ. आणि पोत्याखाली एक लांबट चौकोन, आत माझ्याच अक्षरात, खाट. ते पोतं डबीसाठी नव्हतंच. ते दोन वर्षं काकांसाठी होतं. नंतर तीन मंगळवार मी त्या घरात गेले, त्या माठाचं पाणी प्यायले, डबीचा दिवा पाहिला. सोमवारी तर पोत्याखाली हात घालून गारवाही पाहिला. खाट हलली आहे हे मला एकदाही दिसलं नाही.

"हे तुमच्या अहवालात आहे का?" आयुक्तांनी मला विचारलं.

"नाही, सर."

"का नाही?"

"मला माहीत नव्हतं."

त्यांनी अहवाल मिटला आणि माझ्याकडे सरकवला. "बाकीच्या घरांतही त्या जागेवर कुणीतरी असणारच. कुणाचं म्हातारं, कुणाचा पाळणा. चाळीस घरं. सोमवारी मला यादी आणून द्या. डबी येण्याआधी तिथं कोण होतं आणि आता ते कुठं आहे. फक्त तेवढीच." मग अभियंत्याकडे वळून म्हणाले, "मग आपण बोलू, छत्तीस अंशांत कोण बसतं ते."

यादी आम्ही दिली. तेवीस घरांत कुणी ना कुणी हललं होतं. छपरांची मंजुरी जुलैत आली आणि काम दुसऱ्या वर्षी मार्चअखेर पुरं झालं. तुळशीरामकाका त्या छपराखाली तीन उन्हाळे जगले, चौथ्या वर्षी थंडीत गेले. आमच्या अहवालाला एक बक्षीसही मिळालं, त्यात 'नवी पद्धत' वगैरे शब्द होते. सर ते घ्यायला मला पाठवत होते. मी गेले नाही.

पण मला सांगायचंय ते त्या शुक्रवारच्या दुपारचं. बैठकीतून निघालो ते रिक्षानं थेट लालभट्टीत. वेणूताई यादीच्या कामाला लागल्या आणि मी कौतिकाबाईंच्या मागोमाग त्यांच्या घरात शिरले. अडीच वाजले होते. काका मधोमध, आम्ही सकाळी निघताना होते तसेच, छातीवरचा पंचा कधीच वाळून कडक झालेला. मी डबी काढली, दोरी सोडली, दोन्ही पर्समध्ये कोंबलं. मला त्या डबीकडे पाहवत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंत, मावशी?"

त्या पोत्यावर पाणी मारत होत्या. "सांगतलं असतं त तुमी डबी काढाले लावली असती."

"लावलीच असती."

"मंग छप्पर कोठून भेटलं असतं? मी बुढ्याले म्हनलं, एवढा एक उन्हाया काढ माह्यासाठी. पुढचा तुले गार देते."

"आणि काका?"

"त्याले कोठं बोलता येते? मान हालवली त्यानं." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "धरता का थिकून? मले एकटीले नाई सरकत. तवा शेजारचा आला होता."

मी पायथ्याकडून धरलं, त्यांनी उशाकडून. खाट जड नव्हती, काकाही जड नव्हते. एकेकाळी कापसाच्या गाठी पाठीवर वाहिलेला माणूस, आणि त्याचं ओझं मला लागलंसुद्धा नाही, याचंच मला जास्त लागलं. इंच इंच करत आम्ही ती कोपऱ्यात नेली, पोत्याखाली, वाळूवर. काकांच्या कपाळावर पोत्यातला एक थेंब पडला. त्यांनी डोळे उघडले, वर पोत्याकडे पाहिलं, मग कौतिकाबाईंकडे, मग माझ्याकडे.

मी घामानं निथळत होते. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि उभं राहवत नव्हतं. काका थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. त्यांची माफी मागावी असं मनात होतं. तेवढ्यात त्यांनी चालणारा डावा पाय सावकाश आत ओढून घेतला, अंग भिंतीकडे जेमतेम वीतभर सरकवलं, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर हातानं दोनदा थापटलं. मी तिथं, त्या गारव्यात, बसावं म्हणून.